अमलची खिडकी कुठे ठेवायची?

‘डाकघर’ बसवायला घेतलं की पहिल्या तालमीच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. खिडकी कुठे? रवींद्रनाथांनी १९११ साली लिहिलेलं हे नाटक अख्खं एका आजारी मुलाभोवती फिरतं. अमल पोरका आहे, माधव दत्तने त्याला दत्तक घेतलंय, आणि कविराजाने म्हणजे वैद्याने शरदातलं ऊन आणि वारा दोन्ही वर्ज्य सांगितलंय. त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस त्याला भेटतो तो रस्त्याकडच्या खिडकीतून. दहीवाला, टोल देणारा पहारेकरी, गावचा मोरोल म्हणजे आपल्याकडचा पाटील, फुलं वेचायला निघालेली सुधा, खेळायला निघालेली पोरं. खिडकी मागच्या भिंतीत घेतली तर अमल निम्मं नाटक प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. ती प्रेक्षकांच्या बाजूला आहे असं मानून चाललं तर अमलचा चेहरा दिसतो, पण दहीवाल्याची पाठ बघावी लागते, आणि दहीवाल्याचा चेहरा घालवणं या नाटकाला परवडत नाही. चालण्यासारखा तोडगा एकच. खोली एका बाजूला सरकवायची, खिडकी तिरकी घ्यायची आणि रंगमंचाच्या पुढच्या पट्टीतून, या विंगेपासून त्या विंगेपर्यंत, रस्ता न्यायचा. मग खिडकीतला आणि रस्त्यावरचा असे दोन्ही चेहरे प्रेक्षकांना अर्धे-अर्धे मिळतात.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे ‘डाकघर’ला याखेरीज फारसं काही लागत नाही. एक खिडकी, एक बिछाना, एक दार, एक कोरा कागद. इंग्रजी पुस्तकात त्याचे दोन अंक पाडलेत, पण दुसऱ्या अंकात फरक इतकाच की अमल खिडकीवरून बिछान्यावर आलेला असतो. मध्यंतर न घेता तासा-सव्वा तासात खेळ संपतो, त्यामुळे दुसऱ्या छोट्या नाटकाच्या जोडीला लावता येतो. बोलणारी पात्रं दहा-अकरा आणि वर तीन-चार पोरं. दहीवाल्यालाच पुढे राजदूत केला, पहारेकऱ्याला राजकविराज केला, की मोठी माणसं पाच-सहांत भागतात. सामान एका हातगाडीत मावेल एवढं. हे नाटक कुठल्या कुठे पोचलं त्यात या स्वस्ताईचा वाटा मोठा आहे. बाकीचं श्रेय अर्थातच नाटकाचं.

परदेशातला पहिला महत्त्वाचा प्रयोग डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये, १७ मे १९१३ रोजी झाला. नोबेल जाहीर व्हायला अजून सहा महिने होते. अनुवाद देवव्रत मुखोपाध्याय यांचा, दिग्दर्शक लेनक्स रॉबिन्सन, आणि पाठीशी उभे आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स. प्रयोग मदतनिधीचा होता. पॅट्रिक पिअर्स यांची सेंट एंडाज ही शाळा आयरिश भाषेच्या आग्रहातून निघालेली आणि कायम कर्जात, तिच्यासाठी. जोडीला पिअर्स यांचंच ‘अन री’ म्हणजे ‘राजा’ हे आयरिश नाटुकलं. त्यात पापाने हात बरबटलेला राजा लढाई हरत राहतो, शेवटी एका निष्पाप मुलाच्या डोक्यावर मुकुट ठेवतात, तो मुलगा सैन्य घेऊन जातो, जिंकतो आणि मरतो.

ही जोडी मुद्दाम डोळ्यांसमोर आणून बघावी. एका नाटकात मूल राजाची वाट पाहत पडून राहतं, दुसऱ्यात मूलच राजा होऊन रणांगणावर जातं. एकाच संध्याकाळी, एकाच तिकिटात, मुलाच्या मरणाचे दोन अर्थ. ॲबीच्या बाकांवर बसलेल्यांना त्यातला कुठला जवळचा वाटला ते तीन वर्षांत दिसलं. ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला आणि त्याचे एक पुढारी म्हणून ३ मे १९१६ रोजी पिअर्सना गोळ्या घालण्यात आल्या. ‘डाकघर’चा पहिला परदेशी प्रयोग मवाळ, धूपाच्या वासाचा होता असं समजणाऱ्यांनी त्याच्या शेजारी काय चाललं होतं ते विसरू नये.

येट्स यांना स्वतःला मात्र त्यात शांतीच दिसली. जुलै १९१३ मध्ये ॲबीच्या मंडळींनी हे नाटक लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये केलं आणि १९१४ साली येट्स यांच्या बहिणीच्या क्वाला प्रेसने त्याच्या ४०० प्रती काढल्या. त्याला येट्स यांची छोटीशी प्रस्तावना आहे. रंगमंचावर आल्यावर हे नाटक किती नेटकं बांधलेलं आहे ते कळतं आणि योग्य प्रेक्षकाला ते कोमलतेचा, शांतीचा अनुभव देतं, असं ते म्हणतात. बांधणीबद्दलचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. शांतीबद्दलचं अर्धं. कारण ज्यांनी ही प्रस्तावना वाचून नाटक बसवलं त्यांनी सगळा खेळ एका सुरात, हळू आवाजात, जणू देवळात करायचा ठरवला. नाटक त्याने मरतं. मोरोल हा खडूस, पोकळ दिमाखाचा माणूस आहे, त्याच्यावर हसू आलंच पाहिजे. कविराज श्लोक फेकत फेकत दारं-खिडक्या बंद करायला सांगतो, तिथेही हसू आलं पाहिजे. दहीवाला दही विकायला थांबतो, पोराकडे पैसे नाहीत म्हणून वैतागतो, आणि दोन-तीन मिनिटांत त्याच पोराला फुकट दही देऊन जातो, कारण दही विकण्यात सुख असतं हे त्याला अमलकडून कळलेलं असतं. हा बदल वैतागापासून सुरू झाला तरच दिसतो. दहीवाला पहिल्या वाक्यापासूनच प्रेमळ असला तर त्याच्यात काही घडतच नाही.

अमलची भूमिका डब्लिनला लिलियन जॅगो या मुलीने केली. बर्लिनलाही मुलगीच होती. यामागे व्यवहार आहे. अमल जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असतो, वाक्यं भरपूर असतात आणि हालचाल कमी, शेवटी तर नुसतं पडून राहायचं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एवढं पाठांतर झेपतं, पण सव्वा तास स्थिर बसणं झेपत नाही. बारा-तेराचा घ्यावा तर तालमी चालू असताना आवाज फुटायला लागतो. म्हणून लहान चणीची, सराव असलेली नटी घेतात. त्यात एक धोका आहे. मोठी नटी लहान मुलाचा आवाज ‘काढते’, आणि तो काढलेला आवाज पहिली पाच मिनिटं गोड आणि पुढची साठ असह्य होतो. अमल गोड नाही, चौकस आहे. त्याला प्रश्न पडतात: ते डोंगर कसले, घंटा का वाजवतोस, वेळ जातो तो कुठे जातो? उत्तराची खरी निकड असल्यासारखे ते विचारता आले की वय आणि लिंग दोन्ही प्रेक्षक विसरतो.

आता बर्लिन. जर्मन अनुवाद हेडविग लाखमान आणि गुस्टाव्ह लांडाउअर या नवरा-बायकोचा, ‘दास पोस्टआम्ट’ नावाने १९१८ साली आलेला. लाखमान त्याच वर्षी वारल्या. लांडाउअर अराजकवादी विचारवंत, म्युनिकच्या अल्पजीवी क्रांतिकारी सरकारात सामील झाले आणि मे १९१९ मध्ये तुरुंगात सैनिकांनी त्यांना ठार मारलं. रवींद्रनाथ १९२१ साली बर्लिनला हे नाटक बघायला बसले तेव्हा ते त्या भाषेत आणणारी दोघंही जगात नव्हती.

प्रयोग यशस्वी झाला, अमलचं काम करणारी मुलगी छानच होती, असं रवींद्रनाथांनी आपले स्नेही सी. एफ. अँड्र्यूज यांना पत्रात लिहिलं. पण काहीतरी वेगळं होतं आणि ते नेमकं काय हे त्यांना पकडता येत नव्हतं. ते पकडून दिलं प्रेक्षकांतल्या मारबुर्गच्या प्राध्यापक ओट्टो यांनी: जर्मन मंडळींनी याची परीकथा केली आहे, हाताला न लागणाऱ्या सौंदर्याने भरलेली, पण नाटकाचा गाभा आध्यात्मिक आहे. मग त्याच पत्रात रवींद्रनाथ आपल्या बाजूने नाटक उलगडतात. अमल म्हणजे मोकळ्या रस्त्याची हाक ऐकू आलेला माणूस. शहाण्यासुरत्यांनी मान्य केलेल्या सवयींच्या, प्रतिष्ठितांनी बांधलेल्या मतांच्या भिंती त्याला नकोत. माधवसारख्या व्यवहारी माणसाला ही अस्वस्थता म्हणजे जीवघेणा आजार वाटतो. शेवटी राजाचा वैद्य येऊन दार उघडतो, आणि जगाच्या हिशेबात जे मरण आहे ते अमलपुरतं जागं होणं असतं.

लेखकाने इतकं स्वच्छ सांगितल्यावर दिग्दर्शकाचं काम सोपं व्हायला हवं. होत नाही, कारण ‘आध्यात्मिक’ हे रंगमंचावर दाखवता येत नाही. परीकथा दाखवता येते. निळा प्रकाश, चमकीचे झगे, राजदूताच्या हातात तुतारी, की झाली परीकथा. बर्लिनची ओढ तिकडे गेली त्यात नवल नाही, जगभरच्या हौशी मंडळांची आजही तिकडेच जाते.

रवींद्रनाथांच्या मनात तुलनेला जो प्रयोग होता तो घरचा, जोडासांकोच्या वाड्यातल्या विचित्रा सभेचा, १९१७ सालचा. म्हणजे मूळ बंगालीतला हा गाजलेला प्रयोग डब्लिननंतर चार वर्षांनी आला. अमल झाला होता आशामुकुल दास हा मुलगा, माधव दत्त रवींद्रनाथांचे चित्रकार पुतणे गगनेंद्रनाथ, आणि ठाकुर्दा, म्हणजे नाटकातला आजोबा, खुद्द रवींद्रनाथ. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्याला होतं, त्या वेळच्या प्रयोगाला ॲनी बेझंट, गांधी, मालवीय आणि आपले लोकमान्य टिळक प्रेक्षकांत होते. मंडालेची सहा वर्षं भोगून आलेला माणूस खिडकीपाशी अडकलेल्या पोराचं नाटक बघतोय! नेपथ्य घरच्याच चित्रकारांचं, गवताने शाकारलेली झोपडी. तिथे गगनेंद्रनाथांचे भाऊ अवनींद्रनाथ यांनी पक्ष्याची पितळी दांडी टांगायला लावली आणि पक्षी ठेवला नाही. पक्षी उडून गेलाय. दुसऱ्या कुठल्या नाटकात ही युक्ती बटबटीत झाली असती. इथे ती चालते, कारण कुणीही तिच्याकडे बोट दाखवत नाही, ती नुसती टांगलेली राहते.

फ्रान्स आणि स्पेनचं थोडक्यात. स्पॅनिश अनुवाद सेनोबिया काम्प्रुबी आणि कवी हुआन रामोन हिमेनेथ यांचा, तर फ्रेंच आंद्रे जीद यांचा, १९२२ सालचा, नाव ‘अमल आणि राजाचं पत्र’. दोन्ही इंग्रजीवरून केलेले. पुढे पॅरिसमध्ये पितोएफ दांपत्याने ते रंगमंचावर आणलं, दारियुस मियो यांनी त्याला संगीत दिलं. १९४० च्या जूनमध्ये पॅरिस पडण्याच्या आदल्या रात्री जीद यांचा अनुवाद रेडिओवर वाचला गेला असं रवींद्रनाथांच्या चरित्रांत येतं. नाट्यप्रयोग म्हणून या साऱ्यात सांगण्यासारखं कमी आहे. मियो यांच्यासारखा मोठा संगीतकार मिळाला की एक अडचण मात्र होते. नाटक छापील रूपात जवळजवळ बिनगाण्याचं आहे, आणि त्याचं संगीत रस्त्यावरच्या आवाजांत आहे. दहीवाल्याची आरोळी, पहारेकऱ्याची घंटा. त्यावर वाद्यवृंद चढवला की आरोळी दबते. घंटाही खरी, रंगमंचावर वाजवलेली हवी. ध्वनिमुद्रित टोल आणि नटाचा हात यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर पडलं तरी प्रेक्षक हसतो, आणि तेही नको तिथे.

वॉर्साच्या प्रयोगाबद्दल जितकं लिहिलं गेलंय तितकं बाकी साऱ्या परदेशी प्रयोगांबद्दल मिळूनही लिहिलेलं नसेल. डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांचा ज्यू मुलांचा अनाथाश्रम आधी क्रोखमाल्ना रस्त्यावर होता. नाझींनी ज्यूंना कोंडण्यासाठी घेट्टोच्या भिंती उभ्या केल्यावर तो दोनदा हलवावा लागला, शेवटचा पत्ता शेन्ना रस्त्यावरचा. सुमारे दोनशे मुलं, अपुरी जागा, त्याहून अपुरं अन्न. १८ जुलै १९४२, शनिवार, दुपारी साडेचार ही प्रयोगाची वेळ. दिग्दर्शन एस्टेर्का विनोग्रोन या तरुणीचं, ती आश्रमात कोर्चाकांच्या हाताखाली काम करायची. अमल झाला होता अब्राशा नावाचा मुलगा. आदल्या रात्री आश्रमात अन्नातून विषबाधा झाली, मुलं ओकत होती, कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी अंधारात चुन्याच्या निवळीची भांडी घेऊन बिछान्याबिछान्याने फिरत होते. तरीही प्रयोग झाला. निमंत्रणपत्रिकेत कोर्चाकांनी लिहिलं होतं की जे देऊ शकणार नाही त्याचं वचन द्यायची आम्हाला सवय नाही. एका तत्त्वज्ञ-कवीच्या सुंदर कथेचा तासाभराचा प्रयोग तुम्हाला फार वरच्या प्रतीचा अनुभव देईल असं मात्र आम्हाला वाटतं.

चार दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून माणसं उचलायला सुरुवात झाली. एस्टेर्का पहिल्याच दिवसांत पकडली गेली. कोर्चाकांनी रोजनिशीत तिच्याबद्दल लिहिलंय की तिने ‘डाकघर’ आम्हाला निरोपादाखल दिलं, ती इथे परतली नाही तर पुढे दुसरीकडे कुठेतरी भेटू. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलं, कोर्चाक आणि त्यांचे सहकारी ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवले गेले.

हेच नाटक का निवडलं, असं कुणीतरी विचारल्यावर मृत्यूच्या देवदूताला शांतपणे सामोरं जायला शिकावं लागतं, असं कोर्चाक म्हणाल्याचं सांगतात. या एका वाक्यावर पुढची सगळी समजूत उभी आहे: वॉर्साचा प्रयोग म्हणजे मुलांना मरणाची दिलेली तालीम. पण कोर्चाकांच्याच रोजनिशीत प्रयोगानंतरची आणखी एक नोंद आहे आणि नाटकवाल्यांनी ती जास्त मनावर घ्यावी. टाळ्या झाल्या, हात मिळवून झाले, एका बाईंनी जागा पाहून शेरा मारला की या अलौकिक माणसाने उंदराच्या बिळातही चमत्कार करून दाखवला. मग कोर्चाक विचार करतात: कालचे नट आजही आपापल्या भूमिकेतच राहिले तर काय होईल? येझिकला वाटतंय आपण फकीर आहोत. हाइमेकला वाटतंय आपण खरे डॉक्टर. आदेक स्वतःला मोरोल समजतोय.

म्हणजे मुलं रंगात आली होती. ज्याला फकीर केलं त्याला फकीर राहायचं होतं. ‘डाकघर’मध्ये ठाकुर्दा फकिराचा वेश घेऊन येतो आणि क्रौंचद्वीपाच्या थापा मारतो, तो नाटकातला सगळ्यात खोडकर भाग. रात्रभर ओकलेल्या, उपाशी मुलांनी तो केला आणि त्यांना मजा आली. वॉर्सानंतर, विशेषतः गेल्या काही दशकांत, युरोपात ‘डाकघर’ करणारे बहुतेकजण हा धागा सोडून देतात. विल्यम रॅडिची यांच्या इंग्रजी अनुवादाला नव्वदच्या दशकात लंडनमध्ये वॉर्साच्या अनाथाश्रमाची चौकट जोडली गेली, नाटकातलं नाटक. ती कल्पना प्रामाणिक आहे, परिणामकारकही आहे. पण चौकट एकदा आली की प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून शेवट माहीत असतो, तो दहीवाल्याच्या आरोळीलाही डोळे पुसतो. मग मोरोलवर कुणी हसत नाही. आणि मोरोलवर हसू आलं नाही तर कोऱ्या कागदाचा प्रवेश कोसळतो.

तो प्रवेश असा. राजाने गावात नवं डाकघर उघडलंय, आपल्याला राजाचं पत्र येईल असं अमलला वाटतंय, तेव्हा त्याची थट्टा करायला मोरोल कोरा कागद आणतो: घे, राजाचं पत्र, तुझ्याकडे मुरमुरे खायला येतोय म्हणे, राजवाड्यातलं आता रुचत नाही. ठाकुर्दा गंभीरपणे सांगतो, होय, खरंच राजाचं पत्र आहे. आणि थोड्या वेळाने राजदूत खरोखरच दार फोडून आत येतो. क्रूर थट्टा तंतोतंत खरी ठरते. इथे सामानाची चूक नेहमी होते. सामान सांभाळणारा हौसेने लाखेचा शिक्का मारलेली गुंडाळी बनवतो. प्रेक्षकाला वाटतं पत्र खरंच आहे, आणि थट्टाच उरत नाही. कागद साधा, न दुमडलेला, पांढरा हवा आणि मोरोलने तो प्रेक्षकांकडे कोरी बाजू करून धरायला हवा, निदान तीन सेकंद.

दुसरी नेहमीची हौस म्हणजे कविराज आणि राजकविराज एकाच नटाला देणं. एक दारं बंद करतो, दुसरा उघडतो, अर्थ फार छान निघतो, समीक्षेत लिहून येतो. पण प्रेक्षक नेमक्या त्या क्षणी ‘अरे, हा तोच की’ म्हणून शेजाऱ्याला ढोसतो. पहारेकऱ्याला राजकविराज केलेला बरा.

शेवटाला संगीत घालावं की नाही हा वाद खुद्द रवींद्रनाथांनीच एका परीने सुरू करून ठेवलाय. १९३९ च्या डिसेंबरात शांतिनिकेतनात ‘डाकघर’ करायचं ठरलं तेव्हा अमलच्या शेवटासाठी त्यांनी ‘समुखे शांतिपारावार’ हे गाणं लिहिलं. तो प्रयोग बारगळला, आणि हे गाणं आपल्या मरणानंतरच म्हणावं असं त्यांनी सांगून ठेवलं. त्याप्रमाणे ७ ऑगस्ट १९४१ रोजी ते म्हटलं गेलं. त्यानंतर नाटकात ते वापरलं की प्रेक्षक अमलला विसरून रवींद्रनाथांच्या मरणाचा विचार करतो, निदान बंगाली प्रेक्षक तरी. परदेशात हा प्रश्न येत नाही, तिथे त्याच जागी व्हायोलिन येतं, आणि ते जास्त वाईट.

संहितेत शेवटासाठी जे दिलंय ते पुरेसं आहे. राजकविराज सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतो, दिवा विझवायला सांगतो, ताऱ्यांचा उजेड येऊ दे म्हणतो. प्रकाशयोजनाकार इथे घाई करतात. दिवा विझला की त्यांना काळोख करायचा असतो. पण त्यानंतर सुधा यायची आहे, फुलं घेऊन. त्यामुळे दिवा विझताच उघड्या खिडकीतून तिरका, फिका प्रकाश आधीच आत आलेला हवा आणि तो पडदा पडेपर्यंत हलता कामा नये. सुधाचा चेहरा दिसला पाहिजे, अमलचा नाही दिसला तरी चालेल. ती विचारते, हा कधी उठेल? वैद्य म्हणतो, राजा येऊन हाक मारेल तेव्हा. मग ती एक निरोप ठेवते, सुधा तुला विसरली नाही, एवढाच. तो रडत म्हणायचा नाही. मुलगी फुलं द्यायचा शब्द पाळायला आलेली आहे, त्याला झोप लागलीय असं तिला वाटतंय, आणि तिला घरी जायचंय.

बसवणाऱ्यांसाठी शेवटची व्यवहाराची गोष्ट. भारतात रवींद्रनाथांच्या साहित्याचा स्वामित्वहक्क २००१ च्या अखेरीस संपला, त्यामुळे मूळ बंगालीवरून स्वतः अनुवाद करून प्रयोग करायला कुणाची परवानगी लागत नाही. रॅडिची किंवा कृष्णा दत्त आणि अँड्र्यू रॉबिन्सन यांच्यासारखे अलीकडचे इंग्रजी अनुवाद घेतले तर मात्र हक्कधारकांना विचारावं लागतं, आणि परदेशात प्रयोग असेल तर हे पत्र तारीख ठरवायच्या आधी गेलेलं बरं.